टाचण्यांचा पुडा मागणारी पत्रे : ॲडम्स दांपत्याचा ऑनलाइन पत्रसंग्रह

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने जॉन आणि ॲबिगेल ॲडम्स या पती-पत्नींनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे आपल्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतील अशी ठेवली आहेत. ही पत्रे १७६२ ते १८०१ या काळातली आहेत, पण त्यांचा गाभा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या वर्षांचा आहे. त्या वर्षांत नवरा आधी फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, आणि नंतर समुद्रापलीकडे फ्रान्स-हॉलंडमध्ये अडकलेला होता, आणि बायको मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावी शेती, चार मुले, गडीमाणसे आणि तोफांच्या आवाजाच्या टप्प्यातले घर सांभाळत होती. या पत्रव्यवहारातली पाच-सहा वाक्ये जगभर उद्धृत होतात आणि पुष्कळांची ओळख तिथेच थांबते. माझे मत असे की या दोघांचे प्रेम त्या प्रसिद्ध वाक्यांत फारसे नाहीच. ते हिशेबांत, मागण्यांत, रुसव्यांत आणि उत्तर न आल्याच्या तक्रारींत आहे, आणि ते दिसायचे तर पत्रे अखंड आणि तारखेच्या क्रमाने वाचावी लागतात. निवडक पत्रांच्या पुस्तकांत हे साधत नाही. या संग्रहात ते साधते, म्हणून त्यातल्या गैरसोयी धरूनही मी त्याची शिफारस करतो.

परिचय थोडक्यात देतो. जॉन ॲडम्स हा व्यवसायाने वकील, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. ॲबिगेल स्मिथ ही वेमथ गावच्या पाद्र्यांची मुलगी, शाळेचे तोंड न पाहिलेली आणि घरातल्या पुस्तकांवर वाढलेली. २५ ऑक्टोबर १७६४ रोजी त्यांचे लग्न झाले, तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि ती १९ वर्षांची. १७७४ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी तो घरून निघाला, आणि त्यानंतरची दहा वर्षे, मधूनमधून तो घरी येऊन गेला ते दिवस सोडले, तर त्यांचा संसार मुख्यतः कागदावर चालला. नोव्हेंबर १७७९ पासून ऑगस्ट १७८४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही.

मराठी वाचकाला हा काळ वाटतो तितका परका नाही. पुरंदरचा तह झाला १ मार्च १७७६ रोजी, आणि ॲबिगेलचे सर्वांत गाजलेले पत्र आहे त्याच महिन्याच्या ३१ तारखेचे. इंग्रज तिकडे वसाहतींशी आणि इकडे पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी एकाच वेळी झुंजत होते. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. शिवाय ज्या फिलाडेल्फियाहून जॉन घरी पत्रे धाडत होता, ते गाव आपल्याला आनंदीबाई जोशींमुळे पत्रांतूनच माहीत झाले आहे. फरक एवढाच की शंभर वर्षांनंतरच्या त्या पत्रव्यवहारात घर सोडून बायको गेली होती आणि वाट पाहणारा, प्रसंगी बोल लावणारा, नवरा होता.

आता प्रत्यक्ष सोयीविषयी. पत्रे कालखंडांनुसार लावलेली आहेत : लग्नाआधीची आणि वकिलीच्या सुरुवातीची, काँटिनेंटल काँग्रेसच्या वर्षांची, युरोपातल्या राजनैतिक कामगिरीच्या काळातली, आणि मग उपराष्ट्राध्यक्ष व राष्ट्राध्यक्ष या पदांच्या काळातली. पत्र उघडले की हस्तलिखिताचे छायाचित्र पाहता येते आणि त्यातला मजकूर छापील अक्षरांत वाचता येतो. हा मजकूर उतरवताना स्पेलिंगे सुधारलेली नाहीत, वाक्ये नीटनेटकी केलेली नाहीत. ॲबिगेलचे शुद्धलेखन तिच्या कानावर चालते आणि विरामचिन्हांशी तिचे फारसे सख्य नाही. नातू चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स याने १८४० मध्ये आजीची पत्रे छापली, तेव्हा त्याने त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या दिवाणखान्यात बसवण्याजोगे रूप दिले आणि काही मजकूर गाळलाही. आजही कित्येक ठिकाणी त्या धुतलेल्या आवृत्तीतली अवतरणे फिरताना दिसतात. इथे मात्र मूळ कागदच समोर असतो. नाव नोंदवण्याची, पैसे भरण्याची, परवानगी मागण्याची गरज नाही. कुटुंबाने आपली कागदपत्रे १९५६ मध्ये सोसायटीच्या स्वाधीन केली नसती, तर हे सगळे आपल्या टेबलावर येणे शक्य नव्हते.

वाचायला सुरुवात करण्यासाठी पहिलेच पत्र उत्तम आहे. ४ ऑक्टोबर १७६२ च्या चिठ्ठीत तरुण वकील हुंडी लिहावी तशा भाषेत ॲबिगेलला हुकूम सोडतो की, ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला तो मागेल तितकी चुंबने आणि रात्री नऊनंतरचा तितकाच सहवास द्यावा आणि ती रक्कम माझ्या खाती मांडावी. चिठ्ठी घेऊन जाणारा अर्थातच तो स्वतः. १७६४ च्या मे महिन्यात तो तिच्या दोषांची यादी करतो : पत्ते नीट खेळता येत नाहीत, गाता येत नाही, मान खाली घालून चालतेस, पायावर पाय टाकून बसतेस. त्यावर तिचे उत्तर असे की सभ्य गृहस्थाने बाईच्या पायांची उठाठेव करू नये. ही थट्टा लक्षात ठेवावी, कारण पुढे युद्ध आल्यावर आवाज बदलतो, पण हिशेबाच्या भाषेत लाड करण्याची आणि लाडाच्या भाषेत हिशेब मागण्याची दोघांची सवय सुटत नाही.

१७७५ पासून संग्रह खरा पकडतो. एप्रिलमध्ये लढाईला तोंड लागले होते आणि बोस्टन शहर वेढ्यात होते. ब्रेनट्री तिथून सुमारे १० मैलांवर. मे महिन्यात ॲबिगेल कळवते की घर म्हणजे गोंधळ झाला आहे. सैनिक मुक्कामाला येतात, न्याहारीला येतात, पाणी प्यायला येतात, आणि बोस्टनमधून पळून आलेली दमलेली माणसे दिवसभर, रात्रभर, कधी आठवडाभर आसरा घेतात. १६ जूनला, म्हणजे बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईच्या आदल्याच दिवशी, ती नवऱ्याकडे एक मागणी करते : फिलाडेल्फियाहून येताना पेटीत टाचण्यांचा एक पुडा घालून आणा. टाचण्यांची इतकी ओरड आहे की पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळायच्या त्या आता वीस शिलिंग मोजूनही मिळत नाहीत. पुड्यात ६,००० असतात आणि त्याला मी पूर्वी एक डॉलर देत असे. पुढचे पत्र १८ तारखेचे. निर्णायक दिवस उजाडला आहे, असे लिहून ती कळवते की आपले जिवलग स्नेही डॉक्टर वॉरन लढता लढता पडले. निवडक पत्रांच्या संपादकाला यातले दुसरे पत्र हवेच असते आणि पहिले त्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव असतो. सलग वाचताना मात्र दोन दिवसांत एका बाईच्या जगात काय उलथापालथ झाली हे टाचण्यांमुळेच कळते.

त्या शरद ऋतूत गावात हगवणीची साथ आली. मुलगा टॉमी आजारी, नोकर आजारी, ती स्वतः आजारी, आणि १ ऑक्टोबरला तिची आई गेली. त्या दिवशीच्या पत्राची सुरुवात ती ‘माझ्यावर दया करा’ अशा, बायबलातल्या ईयोबाच्या शब्दांनी करते. त्या काळातली तिची पत्रे एकामागून एक वाचणे जड जाते. मी मध्ये थांबलो, आणि वाचकाने थांबावे असेच मी सांगेन.

हस्तलिखिताचे छायाचित्र आणि तारखांचा क्रम यांचा उपयोग काय, हे मार्च १७७६ च्या दोन पत्रांत सर्वांत चांगले दिसते. पहिले पत्र २ ते १० मार्च असे थांबत थांबत लिहिलेले आहे. लिहिता लिहिताच ती सांगते की या क्षणी घर तोफांच्या आवाजाने हादरते आहे; दारापर्यंत जाऊन येते आणि आपल्याच सैन्याचा भडिमार असल्याचे लिहिते. रात्रभर तोफांच्या ठोक्यांबरोबर काळीज उडत राहिले, झोप आली नाही. मग ती पेन्स हिलवर जाऊन बसते, जिथून उडणारा प्रत्येक गोळा दिसतो. एवढे सगळे झाल्यावर बातमी येते ती फक्त बोस्टनजवळच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्या ताब्यात आल्याची, आणि ती चिडून लिहिते की असल्या दोन टेकड्यांसाठी मी एवढे सोसले नसते. त्या टेकड्यांमुळेच १७ मार्चला इंग्रज फौज बोस्टन सोडून गेली, हे वाचकाला ठाऊक असते. ते पत्र लिहिणाऱ्या ॲबिगेलला ठाऊक नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग विजयाचा आहे. पत्रात तो जाग्रणाचा आणि वैतागाचा आहे.

दुसरे पत्र ३१ मार्चचे. ‘स्त्रियांची आठवण ठेवा’ ही ओळ यातली, आणि ती ओळ तेवढी कापून घेऊन वाचणाऱ्यांना मी हे संपूर्ण पत्र एकदा तरी वाचावे असे आग्रहाने सांगेन. पत्र सुरू होते ते तक्रारीने : मी लिहिते त्याच्या निम्म्या लांबीचे पत्र तरी तुम्ही कधी लिहाल का? मग आरमार कुठे गेले याची चौकशी. मग व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांविषयी उघड शंका, की जे स्वतः माणसांना गुलाम करून ठेवतात त्यांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ आपल्याइतकी प्रबळ कशी असेल? (सप्टेंबर १७७४ मध्येच तिने नवऱ्याला लिहिले होते की आपल्या प्रांतात एकही गुलाम नसावा असे मला मनापासून वाटते.) मग बोस्टनमधल्या घराची हकिकत : पलटणीचा एक डॉक्टर तिथे राहून गेला, घर फार घाण केले आहे, बाकी नुकसान नाही. मग शत्रू गेल्याचा मोकळेपणा, सूर्य अधिक तेजस्वी वाटतो, पाखरे अधिक गोड गातात. आणि या मोकळ्या मनाच्या ओघात ती प्रसिद्ध ओळ येते : नवे कायदे कराल त्यात बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, कारण जमले तर सगळेच पुरुष जुलमी होतील. पण पत्र तिथे संपत नाही. काही दिवसांनी पुढे लिहिताना आजूबाजूच्या आजारपणाच्या बातम्या येतात, आणि जॉनने बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याविषयी विचारले होते त्याचे उत्तर येते, की अजून करून पाहिले नाही, साबण करून झाला की प्रयोग करीन. आणि घरच्या माणसांना अंगभर कपडे विणून पुरवण्यातच माझे सारे बळ खर्ची पडते, नाहीतर ती उघडी पडतील.

आपल्या बाजूच्या क्रांतीचा जाहीरनामा साबण आणि सोरा यांच्या शेजारी मांडणारी ही बाई जॉनला कशी वाटली? त्याने १४ एप्रिलच्या उत्तरात लिहिले की तुझ्या या अजब कायदेसंहितेवर हसण्यावाचून मला गत्यंतर नाही; पुरुषी व्यवस्था मोडण्याइतके आम्ही खुळे नाही, आणि खरे पाहता सत्ता तुमचीच आहे, आमच्याकडे धनी हे नाव तेवढे उरले आहे. घरोघरी आजही ऐकू येणारे हे उत्तर आहे. ७ मेला ती त्याला शांतपणे सुनावते की जगातल्या सगळ्या राष्ट्रांना मुक्त करता करता बायकांवरची निरंकुश सत्ता मात्र तुम्ही राखून ठेवता, हे काही उदारपणाचे लक्षण नव्हे.

इथेच या संग्रहाची एक मर्यादा जाणवते. मधल्या काळात, २७ एप्रिलला, तिने मर्सी ओटिस वॉरन या आपल्या लेखिका मैत्रिणीला जॉनच्या उत्तराची सगळी हकिकत सांगितली. बायकांच्या गाऱ्हाण्यांची यादी पाठवली तर आमचे हे मलाच उद्धटपणे बोलतात, असा त्या पत्राचा सूर. पण ते पत्र नवऱ्याला लिहिलेले नसल्यामुळे इथे नाही. ज्याला ॲबिगेलचा नवऱ्यासमोरचा आवाज आणि मैत्रिणीसमोरचा आवाज ताडून पाहायचा असेल, त्याला दुसरीकडे जावे लागते. ती दुसरी जागा म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे फाउंडर्स ऑनलाइन हे संकेतस्थळ. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर ॲडम्स कुटुंबाची इतर पत्रे तर आहेतच, शिवाय छापील संपादित खंडांतल्या तळटीपाही दिलेल्या आहेत. सोसायटीच्या पत्रसंग्रहात टिपा नाहीत, आणि हा त्याचा सर्वांत मोठा उणेपणा आहे. आद्याक्षरांनी उल्लेखलेली माणसे, अर्धवट नावांची गलबते, काँग्रेसमधले गट, आज विसरलेले आजार यांच्यापुढे अभ्यासू वाचकही अडतो, मग हौशी वाचकाची काय कथा? फाउंडर्स ऑनलाइनवर टिपा आहेत पण हस्तलिखिताची छायाचित्रे नाहीत. मी दोन्ही खिडक्या शेजारी उघडून वाचतो आणि दुसरा उपाय मला सुचलेला नाही.

सप्टेंबर १७७६ मधला चहाचा प्रसंग या संग्रहात शोधून वाचावा. बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा समुद्रात ओतणाऱ्या शहरात तीन वर्षांनी चहा औषधापुरताही मिळेनासा झाला होता. ॲबिगेल त्या उन्हाळ्यात देवी टोचून घेण्यासाठी मुलांसह बोस्टनमध्ये होती आणि तब्येतीने खचली होती. जॉनने फिलाडेल्फियात एक डबा ग्रीन टी विकत घेतला, पौंडाला चाळीस शिलिंगांहून कमी नाही अशा भावाने, आणि काँग्रेसमधले सहकारी एल्ब्रिज गेरी यांच्या हाती घरी धाडला. गेरींनी तो चुकून काँग्रेसमधलेच दुसरे ॲडम्स, सॅम्युएल ॲडम्स, यांच्या पत्नीला नेऊन दिला. पुढे ॲबिगेल त्या बाईंकडे गेली असता तिच्यापुढे उत्तम ग्रीन टी आला. कुठून मिळाला, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी गेरींबरोबर पाठवला. ॲबिगेल लिहिते की मी काही बोलले नाही, पण मनात आले की माझ्या आजारपणाचा विचार करून माझ्या ह्यांनाही तेवढी माया दाखवता आली असती. तिकडे जॉन आपला चहा भलत्याच घरी पोचल्याचे कळून हळहळतो आहे. नवराबायकोच्या या दोन बाजू दोन वेगळ्या पत्रांत आहेत, वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेल्या. तारखेच्या क्रमाने वाचताना आपल्याला दोघांच्याही आधी सगळे कळते, आणि हसू आवरत नाही.

हीच रचना जुलै १७७७ मध्ये वाचकाला फार अवघड जागी नेऊन सोडते. ॲबिगेल गरोदर होती, जॉन फिलाडेल्फियात. ९ जुलैला ती लिहिते की आदल्या रात्री अंगाला असा काही कंप सुटला की पोटातला जीव गेला असावा अशी धास्ती वाटते. १० जुलैला प्रसूतीच्या कळा चालू असताना ती पुन्हा लिहायला बसते, आणि मध्येच लिहिते की ज्यापासून पळता येत नाही ते सोसण्यासाठी आता मला लेखणी खाली ठेवावी लागते आहे. आणि लगेच पुढे, ते सोसून झाले, आता पुन्हा लेखणी उचलते आणि माझे सगळे बाजूला ठेवून तुमच्या पत्रांबद्दल आभार मानते. त्यानंतर बातम्या. संग्रहात त्याच तारखेचे दुसरे पत्र आहे ते जॉनचे. तोही १० जुलैलाच, तिकडे काय चालले आहे याची काही खबर नसताना, लिहितो की मन पुन्हा चिंतेत आहे. घरात हगवण आली तेव्हा, तुम्हा सगळ्यांना देवी टोचल्या तेव्हा आणि आता, अशी तिसऱ्यांदा ही वेळ आली आणि मी जवळ नाही. दोन शब्द बोलायला, नुसते मायेने पाहायला तरी जवळ असतो तर. हे पत्र पोचेपर्यंत आईसारखीच शहाणी मुलगी तुझ्या कुशीत असेल. मुलगी ११ जुलैला जन्मली, ती मृतच. तिचे नाव एलिझाबेथ ठेवले. १६ तारखेला ॲबिगेल स्वतःच नवऱ्याला कळवते आणि आपला जीव वाचला याबद्दल देवाचे आभार मानायला सांगते. जॉनचे उत्तर २८ जुलैचे. ज्या बाळाला कधी पाहिले नाही आणि पाहणारही नाही त्याच्याविषयी एवढी माया कशी दाटून येते, हे त्याला उमगत नाही.

या दोन आठवड्यांच्या पत्रांचे छापील उतारे मी अन्यत्र वाचले होते. पण दोघांची १० जुलैची पत्रे एकापाठोपाठ उघडता येणे हा वेगळा अनुभव आहे, आणि त्यासाठी या संकेतस्थळाच्या सगळ्या गैरसोयी मी माफ करायला तयार आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, एवढ्या दुःखानंतर, ॲबिगेल जॉनला बोस्टनच्या बातम्या देताना कॉफी साठवून ठेवणाऱ्या एका धनाढ्य, अविवाहित व्यापाऱ्याची गोष्ट सांगते : शंभरेक बायका गाडा घेऊन त्याच्या वखारीवर चालून गेल्या, किल्ल्या देईना तेव्हा एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाड्यात फेकला, किल्ल्या घेतल्या, वखार उघडली, कॉफी काढून नेली, आणि पुरुषांचा घोळका तोंडात बोट घालून बघत राहिला. ही गोष्ट सांगताना ती रंगात आलेली दिसते.

पत्रांची वाहतूक हा या संग्रहातला एक न बोलता चालणारा विषय आहे. टपालावर कोणाचाच भरवसा नव्हता. पत्रे ओळखीच्या माणसांबरोबर जात आणि ती माणसे पकडली जात. जुलै १७७५ मध्ये जॉनने बायकोला आणि आपला मित्र जेम्स वॉरन याला लिहिलेली पत्रे इंग्रजांच्या हाती लागली आणि बोस्टनच्या सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रात छापून आली. मित्राच्या पत्रात त्याने काँग्रेसमधल्या एका बड्या सहकाऱ्याची टर उडवली होती, त्यामुळे बोभाटा झाला. खासगी पत्र शत्रूच्या छापखान्यात जाऊ शकते ही जाणीव त्यानंतरच्या जॉनच्या पत्रांत कायमची वस्तीला येते, आणि राजकारणाविषयी तो कित्येकदा हात राखून लिहितो. जून १७७६ मध्ये त्याने पत्रांच्या नकला ठेवण्यासाठी कोरी वही विकत घेतली आणि तिलाही तसेच करायला सांगितले. ॲबिगेल या वर्षांत ‘पोर्शिया’, म्हणजे ब्रूटसची पत्नी, या नावाने सही करते, आणि दोघांच्याही पत्रांची सुरुवात बहुधा ‘माझ्या परमप्रिय मित्रा’ अशा संबोधनाने होते.

१७७८ मध्ये तो फ्रान्सला गेल्यावर संग्रह विरळ होतो आणि कडवट होतो. जहाजे पकडली जात, कप्तान पत्रांच्या थैल्या समुद्रात टाकून देत, आणि जॉन मुळातच समुद्रापार त्रोटक लिहू लागला होता. २७ डिसेंबर १७७८ रोजी, बर्फाच्या डोंगरांत दोन लहान मुलांसह कोंडलेली ॲबिगेल विचारते, माझे दिवस किती एकटे, आणि रात्री किती ओसाड! तिच्या तक्रारी पोचतात तेव्हा जॉन फेब्रुवारी १७७९ मध्ये भडकून लिहितो की देवाकरिता, पत्र लिहीत नाही किंवा चिठोऱ्या लिहितो म्हणून मला पुन्हा दोष देऊ नकोस. मला विचाराल तर इथे चूक जॉनची आहे. पत्र शत्रूच्या हाती पडेल हे कारण खरे. पण ज्याला मायेचे चार शब्द छापून येण्याची भीती वाटते, त्याला त्याच वेळी पॅरिसच्या बागांचे वर्णन करायला काही अडचण येत नाही. १७८० मधले त्याचे प्रसिद्ध वाक्य, की मी राजकारण आणि युद्ध शिकतो ते माझ्या मुलांना गणित आणि तत्त्वज्ञान शिकता यावे म्हणून, अशाच एका पॅरिसवर्णनाच्या पत्रातले आहे. वाक्य सुंदर आहे, पण पत्रातला नवरा त्यात हरवला आहे.

ॲबिगेलने यावर काढलेला तोडगा मात्र वाचण्यासारखा आहे. युरोपातून रुमाल, फिती, कापड, चहा, काचसामान मागवायचे आणि इकडे विकायचे, असा व्यापार तिने सुरू केला. परिणामी युरोपकाळातली तिची पुष्कळशी पत्रे मालाच्या याद्यांनी भरलेली आहेत. विवाहित स्त्रीच्या नावावर काही असू नये असा कायदा असताना ती पैसा फिरवत होती आणि पुढे व्हरमाँटमध्ये जमीन घेण्याचा बेतही तिने तडीस नेला. याद्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नयेत. सहवासाची जागा त्यांनी भरून काढलेली नाही, पण दोघांना बोलायला काहीतरी नक्की दिले आहे. ऑगस्ट १७८४ मध्ये लंडनमध्ये दोघे भेटतात आणि पत्रे जवळजवळ थांबतात.

आता उरलेल्या गैरसोयी. मांडणी जुन्या वळणाची आहे आणि मोबाइलवर वाचणे डोळ्यांना त्रासाचे होते. संगणकाचा मोठा पडदा असेल तरच बसावे. आपल्यासारख्यांसाठी अठराव्या शतकातले इंग्रजी, त्यातून न सुधारलेले, हा अडसर खराच आहे, तरी ॲबिगेलचे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले तर बहुधा उलगडते, कारण ते बोलल्यासारखेच लिहिलेले असते. उत्तर हरवलेले आहे की लिहिलेच नव्हते, हे पत्रांच्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा फाउंडर्स ऑनलाइनच्या टिपांकडे वळावे लागते. १७८९ नंतरच्या पत्रांत राजकारण भरपूर आहे, पण युद्धाने ताटातूट झालेल्या जोडप्यासाठी जो इथे येईल त्याला ती वाचण्याची घाई नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांना मी १७७५ चा मे महिना सुचवतो आणि तिथून १७७७ च्या ऑगस्टपर्यंत एकही पत्र न गाळता जायला सांगतो. इतिहासाच्या शिक्षकांनी ३१ मार्च १७७६ चे पत्र वर्गात संपूर्ण वाचून दाखवावे, साबणासकट. ज्यांना वेळ थोडाच आहे त्यांनी १० जुलै १७७७ या तारखेची दोन्ही पत्रे उघडावीत, आधी तिचे आणि मग त्याचे.